पान १४३ वरचं ‘नेहमी’

उल्हासच्या पुस्तकाला गाईड म्हटलेलं त्याला चालत नाही. ग्रंथ म्हणायचं. दिल्लीतला प्रत्येक झेरॉक्सवाला त्याच्या चोरून काढलेल्या प्रती विकतो, पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यातली हवी ती पानं फाडून घेतात आणि पेपर झाल्यावर त्याच पानांवर समोसे खातात, तरी तो ग्रंथ. विषय क्वांटम मेकॅनिक्स, भाषा इंग्रजी, पहिली आवृत्ती १९९८ची. यंदा पंचविसावी. आवृत्ती म्हणजे काय, तर मुखपृष्ठाचा रंग बदलायचा आणि प्रस्तावनेत ‘विद्यार्थ्यांच्या उदंड प्रतिसादामुळे’ हे वाक्य पुन्हा छापायचं. यंदापर्यंत आतलं एक अक्षर हललेलं मी पाहिलेलं नाही. आणि मी पाहिलेलं नाही म्हणजे कुणीच पाहिलेलं नाही, कारण सगळ्या आवृत्त्यांची प्रुफं मीच वाचली आहेत.

मी सुहासिनी. पहाडगंजच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी असते. उल्हास माझा नवरा, दिल्लीतल्या एका कॉलेजातून फिजिक्सचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झाला. मनात मी त्याला उल्हास म्हणते, तोंडाने ‘अहो’. मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. त्यातली एक खोली त्याची, अभ्यासाची. दुसरी आमची. स्वयंपाकघर अर्थातच माझं, त्यावर कुणी हक्क सांगितलेला नाही.

मे महिन्यात उल्हासला पंचाहत्तर पूर्ण होणार होती, आणि इथल्या आमच्या मराठी मंडळाला अमृतमहोत्सव म्हटलं की अंगात येतं. हॉल ठरला, बॅनर छापला, बॅनरवरचा फोटो उल्हासने स्वतः निवडला, वीस वर्षांपूर्वीचा. त्याच कार्यक्रमात पंचविसाव्या आवृत्तीचं प्रकाशन आणि प्रमुख पाहुणा राजीव. राजीव हा उल्हासचा जुना विद्यार्थी. आता ग्रेटर नोएडातल्या एका खाजगी विद्यापीठात डीन आहे. तिथली मुख्य इमारत बाहेरून लग्नाच्या हॉलसारखी दिसते, आत काय चालतं ते आता सांगतेच.

कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी कृतिका वर आली. कृतिका आमच्या खालच्या मजल्यावरची, धीरज आणि हेमलताची मुलगी, चोवीस वर्षांची. गुरुग्राममधली चांगली नोकरी सोडून तिने पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी केली होती. धीरजने तिला एकच वर्ष दिलं होतं. झालं तर झालं, नाहीतर पुन्हा नोकरी आणि मग ‘बाकीचं बघू’. बाकीचं म्हणजे काय ते दिल्लीतल्या मराठी बापांनाही नीट माहीत असतं. राजीवच्याच विद्यापीठाची ही परीक्षा होती. निकाल लागला होता आणि कृतिका एका मार्काने बाहेर राहिली होती.

“काका, थोडं डिस्टर्ब करते,” ती म्हणाली. हातात प्रिंटआउट होते.

“बैस. पेढे कुठायत?” उल्हास म्हणाला. आपण फार खेळकर आहोत असं त्याला वाटतं.

“काका, सदतिसावा प्रश्न. दोन डेल्टा विहिरींचा. मी उत्तर ‘एक’ लिहिलं, आणि त्यांच्या आन्सर कीमध्ये ‘दोन’ आहे. पण यातलं अंतर बघा ना, विषम स्टेट इथे बसतच नाही. मी ऑब्जेक्शन टाकलं तर रिजेक्ट झालं.”

तिने विद्यापीठाचं उत्तर पुढे केलं. दोन ओळींचं होतं. आन्सर की बरोबर आहे, पाहा शिफारस केलेलं पुस्तक, पान १४३. यादीबाहेरचे संदर्भ विचारात घेतले जाणार नाहीत. कृतिकेने एका नावाजलेल्या परदेशी पुस्तकातली अख्खी चार पानं जोडली होती, ती यादीबाहेरची म्हणून केराच्या टोपलीत. आणि यादीत पुस्तकं किती? एक. माझ्या नवऱ्याचं. गुरुभक्ती ही अशी असते, तिला दुसरं पुस्तक लागत नाही.

डेल्टा विहीर म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही. रुंदी शून्य आणि खोली अमर्याद अशी कागदावरची विहीर. आमच्या मंडळातल्या व्याख्यानांचं नेमकं उलट. अशा विहिरीत इलेक्ट्रॉन अडकून राहतो, त्याला बद्ध अवस्था म्हणतात. एका विहिरीला एकच अशी अवस्था. आता शेजारी अगदी तशीच दुसरी विहीर खणली, तर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चित्र सारखंच. मग इलेक्ट्रॉनचं तरंगफलनही, म्हणजे त्याच्या लाटेचा आकार, दोनच तऱ्हांचं असू शकतं. एक सम, म्हणजे दोन्हीकडे एकसारखं. दुसरं विषम, म्हणजे एकीकडे वर असेल तर दुसरीकडे तितकंच खाली. विषमाला बरोबर मध्यावर शून्य व्हावंच लागतं. विहिरी एकमेकींपासून लांब असतील तर त्याला तेवढी सवड मिळते आणि ते टिकतं. जवळ असतील तर मिळत नाही, इलेक्ट्रॉन सुटून जातो आणि ती अवस्था उरतच नाही. सम मात्र अंतर कितीही असो, टिकतंच.

उल्हासच्या ग्रंथात पान १४३ वर लिहिलं होतं की दोन सारख्या डेल्टा विहिरींना नेहमी दोन बद्ध अवस्था असतात, एक सम आणि एक विषम. नेहमी.

“दोन विहिरी, दोन अवस्था,” उल्हास म्हणाला. “हायड्रोजनचा मॉलिक्यूल शिकलीस ना? बाँडिंग, अँटिबाँडिंग. सिंपल आहे.”

“काका, पण अंतर कमी केलं तर, मी ग्राफ काढलाय, ही रेघ आणि हा कर्व्ह, दोन्ही फक्त शून्यापाशीच भेटतात. म्हणजे सोल्यूशनच नाही.”

ग्राफकडे त्याने पाहिलंही नाही. “कृतिका, सत्तावीस वर्षं हे पुस्तक चालतंय. देशभर. इतक्या वर्षांत कुणाला नाही सापडलं आणि तुला सापडलं?”

“सोमवारी पाचपर्यंत शेवटचं अपील आहे. नवीन प्रूफ असेल तरच घेणार म्हणतात. तुम्ही ऑथर म्हणून दोन ओळी लिहून दिल्यात तर त्यांना मानावंच लागेल, काका. दोनच ओळी.”

“बिल्कुल नाही. राजीव रविवारी माझा सत्कार करायला येतोय आणि मी त्याला लिहून देऊ की माझा ग्रंथ चुकलाय? एका मार्कासाठी? अगं, एक मार्क कमी पडला तर तो दुसऱ्या प्रश्नात मिळवायचा होतास.”

कृतिका उठली. रडली वगैरे नाही. प्रिंटआउट नीट घडी करून पिशवीत ठेवले आणि मला म्हणाली, “काकू, येते.” मी दाराशी गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कढीपत्त्याची जुडी दिली, हेमलताने मागितली होती म्हणून. एवढीच माझी मदत.

सत्तावीस वर्षांत कुणाला सापडलं नाही, हे उल्हासचं म्हणणं मात्र समजून घेण्यासारखं आहे. कसं सापडेल? प्रश्न त्याच पुस्तकातून काढतात आणि उत्तरंही त्याच पुस्तकातून तपासतात. पुस्तकातल्या उदाहरणात विहिरी लांब होत्या, तिथे उत्तर खरोखरच दोन येतं. यंदा पेपर काढणाऱ्या कुणा आळशाने प्रश्न नवा दिसावा म्हणून नुसते आकडे बदलले, अंतर निम्मं केलं आणि उत्तर जुनंच ठेवलं. एवढ्यानेही काही बिघडलं नसतं, बाकीच्या पोरांनी पाठ केलेलं ‘दोन’ लिहून मार्क घेतले. बिघडलं ते कृतिकेचं, कारण तिने प्रश्न सोडवला.

आता माझं. १९९८ साली पहिली प्रुफं घरी आली तेव्हा मी ती डायनिंग टेबलावर बसून वाचली. पान १४३ वर ‘नेहमी’ या शब्दापाशी थांबले. मला शंका आली. पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढलं, शेजारी लिहिलं, ‘नेहमी? की अंतर पुरेसं असेल तरच?’ आणि खाली तारीख घातली, शाळेत वह्या तपासताना घालायची तशी. उल्हासने ते पाहिलं तेव्हा राजीव समोर बसून पोहे खात होता. एमएससीला होता तेव्हा, दर रविवारी पोह्यांच्या वेळेला त्याला शंका असायच्या.

“बघ राजीव,” उल्हास म्हणाला, “पहाडगंजच्या शाळेतून आता क्वांटम मेकॅनिक्सवर आक्षेप यायला लागले.”

राजीव तोंडात घास असताना हसला. उल्हासने खोडरबर घेऊन प्रश्नचिन्हावरून एकदा फिरवला, नीट पुसण्याइतकेही कष्ट घेतले नाहीत, आणि मला म्हणाला, “तू स्पेलिंग बघ. कॉमे बघ. फिजिक्स मी बघतो.” आणि मी काय केलं? राजीवला आणखी पोहे वाढले. वर खोबरंही घातलं. ही गोष्ट मला अजून जाचते.

त्यानंतर मी कॉमे पाहिले. चोवीस आवृत्त्या कॉमे पाहिले. दर वेळी पान १४३ आलं की पेन्सिल खाली ठेवायची, पान उलटायचं आणि पुन्हा उचलायची. दोन खोल्यांच्या घरात दोन माणसं इतकी जवळ असतात की एक वर तर दुसरं खाली असं चालतच नाही. दोघांनी एकाच बाजूला वाकायचं, म्हणजे घर टिकतं. मी हे शहाणपण समजत होते.

पण मंगळवारी रात्रीचं जेवण झाल्यावर उल्हास टीव्हीसमोर बसला आणि मला कृतिकेचा तो घडी घातलेला कागद आठवत राहिला. मला राग आला. उल्हासचा आला, राजीवचा आला, त्या यादीचा आला. पंचविसाव्या आवृत्तीची शेवटची प्रुफं माझ्याच टेबलावर होती, बुधवारी सकाळी ती छपाईला जायची होती. यादीत जर माझ्या नवऱ्याचंच पुस्तक असेल, तर त्या पुस्तकानेच खरं बोलावं.

बुधवारी उल्हास सकाळी फिरायला गेल्यावर मी हरिदासजींना फोन केला. हरिदासजी आमचे प्रकाशक, दर्यागंजमध्ये त्यांचं ऑफिस आहे. सत्तावीस वर्षांत त्यांनी पुस्तकाचं एक पान वाचलेलं नाही, आणि त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस या धंद्यात मी पाहिलेला नाही, कारण वाचल्याचं ते सांगतही नाहीत.

“मॅडम, फाइल अभी जा रही है,” ते म्हणाले. “कॉमा-वॉमा है तो रहने दीजिए.”

“कॉमा नहीं है. पेज एक सौ तैंतालीस. एक शब्द निकालना है और दो लाइनें डालनी हैं.”

“सर ने देख लिया?”

“सर ने ही बोला है.”

मी ओळी सांगितल्या, त्यांच्या ऑपरेटरने टाइप केल्या, मी मोबाइलवर पान तपासलं. सम अवस्था प्रत्येक वेळी असते. विषम अवस्था विहिरींचं बळ आणि त्यांच्यातलं अंतर यांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच मिळते. मर्यादाही घातली. पंधरा मिनिटांत काम झालं. मला इतका आनंद झाला की मी सकाळी सकाळी शिरा केला. उल्हासने दोनदा घेतला आणि विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, तुमचा ग्रंथ छपाईला गेला.

कृतिकेला मी फक्त एवढंच सांगितलं की रविवारी सोसायटीतर्फे काकांना पुष्पगुच्छ तू दे, आणि नव्या पुस्तकाचं पान १४३ उघडून राजीवसरांना दाखव. तिने माझ्याकडे पाहिलं. “काका मानले?” मी म्हटलं, “तू ये तर.”

रविवारी पारा चव्वेचाळीसवर होता आणि मंडळाने उल्हासला लोकरी शाल घातली. नारळ, शाल, मानपत्र, पुन्हा एक शाल. मंडळाचे अध्यक्ष श्यामराव अर्धा तास बोलले. हेच गृहस्थ दर जानेवारीत काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणाऱ्या बसमध्ये, पानिपतची लढाई आपण असतो तर कशी जिंकली असती ते जाता-येता सांगतात. त्या दिवशी त्यांनी क्वांटम मेकॅनिक्स जिंकलं. उल्हासने विज्ञान आणि अध्यात्म यांच्यामधला पूल बांधला आहे, असं ते म्हणाले. उल्हासच्या पुस्तकात अध्यात्माचं नाव नाही, पण तो मान डोलावत होता.

मग राजीव उभा राहिला. पोट सुटलंय, आवाज तोच. “सरांचं पुस्तक म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचं कॉन्स्टिट्यूशन आहे,” तो म्हणाला. “त्यात लिहिलंय ना, मग विषय संपला.” टाळ्या झाल्या. त्याने लाल कागद फाडून नवी आवृत्ती वर धरली, या वेळी मुखपृष्ठ जांभळं होतं.

कृतिका पुष्पगुच्छ घेऊन स्टेजवर गेली. उल्हासला दिला, वाकून नमस्कार केला आणि राजीवसमोर टेबलावर पडलेली प्रत उघडून त्याच्यापुढे धरली. माइक चालूच होता. “सर, एकदा पान एकशे त्रेचाळीस बघाल का? माझं सोमवारचं अपील याच्यावरच आहे.”

राजीवने चष्मा लावला आणि शिक्षकाच्या सवयीने ओळ मोठ्याने वाचली. दोन्ही ओळी वाचल्या. मग त्याने उल्हासकडे पाहिलं. उल्हासने पुस्तक ओढून घेतलं. मी पहिल्या रांगेत होते, त्याचे कान लाल होताना मला स्वच्छ दिसत होते. त्याने पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डोळे वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्या क्षणी मला वाटलं, आता बोल. सत्तावीस वर्षांनी एकदा खरं बोल, मी सगळं विसरून जाईन.

त्याने माइक घेतला.

“ही दुरुस्ती मी या आवृत्तीत मुद्दाम केली,” तो म्हणाला. “विज्ञान थांबत नाही. पंचाहत्तराव्या वर्षीही माणसाने स्वतःला सुधारलं पाहिजे. तरुण पिढीला माझं एवढंच सांगणं आहे.”

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. श्यामराव डोळे पुसत होते. राजीव म्हणाला, “देखा, याला म्हणतात मोठा माणूस.” मी बटाटेवड्यांच्या टेबलाकडे गेले. वडे गार होते.

घरी आल्यावर उल्हास मला काही बोलेल असं वाटलं होतं. त्याने शाली घडी करून कपाटात ठेवल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला, “त्या पानावर दोन ओळी जास्त झाल्यात. खालचा पान नंबर सरकलाय.” एवढंच. विषय संपला.

पण अपील तर गेलं. सोमवारी दुपारी कृतिकेने नव्या आवृत्तीचं पान जोडून ते भरलं आणि वर येऊन मला पोचपावती दाखवली. धीरजने जिन्यात भेटल्यावर हात जोडले. मी चार दिवस स्वतःवर भलतीच खूश होते. भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस केली नाही.

गुरुवारी निर्णय आला. राजीवच्या विद्यापीठाने काय करावं? ‘एक’ बरोबर म्हटलं तर आन्सर की चुकली असं होतं. ‘दोन’ बरोबर म्हटलं तर ज्याला आपण राज्यघटना म्हटलं ते पुस्तक चुकलं असं होतं. म्हणून त्यांनी लिहिलं की शिफारस केलेल्या ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांमध्ये भिन्न विधानं आढळल्याने प्रश्न क्रमांक ३७ रद्द करण्यात येत आहे आणि सर्व परीक्षार्थींना आधी मिळालेल्या गुणांवर एक वाढीव गुण देण्यात येत आहे.

सर्वांना. ज्यांनी ‘दोन’ लिहून आधीच मार्क घेतला होता त्यांना, ज्यांनी ‘शून्य’ लिहिलं त्यांना, ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांनाही. कृतिकेचा एक मार्क वाढला. कटऑफही एकाने वाढला. ती होती तिथेच राहिली, एका मार्काने बाहेर. डोकी लागतात असलं काही सुचायला, ती त्या लग्नाच्या हॉलमध्ये भरपूर आहेत.

संध्याकाळी ती वर आली. उल्हास आतल्या खोलीत झोपला होता. तिने गुरुग्रामच्या कंपनीला फोन केला होता, सोमवारपासून जॉइन व्हायचं होतं. हे सगळं तिने पाण्याचा ग्लास हातात धरून सरळ आवाजात सांगितलं.

“काकू, काकांना माझं थँक्स सांगा,” ती म्हणाली. “ते खूप रागावले होते त्या दिवशी, तरी त्यांनी शेवटी करेक्ट केलं. ही इज अ बिग मॅन, यार. आमच्या ऑफिसात असं कोणी नाही करणार.”

मला हे सहन व्हायला हवं होतं. मुलीचं वर्ष गेलं होतं, तिला कुणाचे तरी आभार मानायचे होते, मानू द्यायचे. पण मी उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून १९९८चा प्रुफांचा गठ्ठा काढला. एकही गठ्ठा मी टाकलेला नाही. धूळ झटकली, पान १४३ काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

“दुरुस्ती कुणी केली ते बघ,” मी म्हणाले. “आणि कधी केली तेही बघ.”

खोडरबर फिरवलेलं असूनही माझं प्रश्नचिन्ह वाचता येत होतं. कृतिकेने ते वाचलं. तारीख वाचली. तिचा चेहरा उजळला. “ओ माय गॉड, काकू. तुम्ही?” मला छान वाटलं. मी खोटं बोलणार नाही, फार छान वाटलं.

मग तिने तो कागद उलटा केला.

मी सांगितलं ना, की मला शंका आली म्हणून प्रश्नचिन्ह काढलं. ते खरं नव्हतं. शंका अशी कधी आलीच नव्हती. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, अख्खं गणित होतं. सम अवस्थेसाठी एक समीकरण, विषम अवस्थेसाठी एक, दोन्हींचे आलेख पट्टीने काढलेले, रेघ आणि वक्र शून्यापाशी भेटतात तिथे छोटा गोल. शेवटी चौकटीत उत्तर: अंतर या मर्यादेपेक्षा कमी असल्यास अवस्था एकच. खाली दोन रेघा मारल्या होत्या, वहीत मारायची तशा. ते सोडवून झाल्यावर मी पान सुलटं केलं होतं आणि पुढच्या बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण नवऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, विचारायचं असतं, असं मला वाटायचं. उल्हासने पान कधी उलटलंच नाही. मीही कधी उलटून त्याच्यासमोर धरलं नाही.

कृतिका खूप वेळ ते वाचत होती. तिचाच आलेख होता तो, फक्त पेन्सिलीतला.

“काकू, मी जन्मले पण नव्हते तेव्हा,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्हाला पूर्ण माहीत होतं. नुसता डाउट नव्हता.”

“अगं, तेव्हा घरात…” मी सुरू केलं. घरात शांतता हवी होती? चोवीस आवृत्त्या? त्या शांततेत मी कॉमे मोजत बसले आणि ते पान देशभर पाठ होत राहिलं. एकदा कागद उलटून टेबलावर आपटला असता, तर राजीव पोहे खाताखाताच ते शिकला असता आणि या मुलीच्या पेपरात उत्तर बरोबर छापलं असतं.

कृतिकेने कागद गठ्ठ्यात जिथला तिथे ठेवला, कडा जुळवल्या. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“काकांना तर माहीतच नव्हतं,” ती हळूच म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं.”

मग ती चप्पल घालून खाली गेली. मी गठ्ठा मांडीवर घेऊन तशीच बसले होते. इतके दिवस मी ज्यांना ज्यांना हसले त्या सगळ्यांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढून गेली, उल्हास, राजीव, श्यामराव, हरिदासजीसुद्धा. त्यांच्यातल्या एकालाही उत्तर येत नव्हतं. ते मला येत होतं.

आतून उल्हासने हाक मारली. जाग आली होती. “कोण आलं होतं गं?”

“कृतिका.”

“काय म्हणत होती?”

गठ्ठा माझ्या हातात होता. उठायचं, आत जायचं, पान १४३ उलटं करून त्याच्यापुढे धरायचं, दहा पावलांचं काम होतं. मी स्टूलवर चढले आणि गठ्ठा माळ्यावर परत ठेवला.

“तुम्हाला थँक्स सांगायला आली होती,” मी म्हणाले आणि चहा टाकला.